राधिकाचा बायोडाटा

मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, इंग्रजी... नाटक, शॉर्टफिल्म, मसालापट, वेब सीरिज... राधिका आपटेचं करिअर एका ओळीत सांगून दाखवा बघू!

एचआरवाल्यांना एका गोष्टीची भयंकर अॅलर्जी असते. सरळ रेषेत न चालणारा बायोडाटा! इंटरव्ह्यूला बसलं की समोरचा चष्म्यावरून बघत विचारतोच, ‘इथे एक वर्ष गॅप दिसतेय?’ किंवा ‘हे फील्ड सोडून मध्येच तिकडे कशाला गेलात?’ आपण काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेतो. घरी येऊन ठरवतो, की आता एकच लाइन धरायची. सिनियर, मग टीम लीड, मग मॅनेजर. सेफ!

आता जरा कल्पना करा, की त्याच टेबलावर राधिका आपटेचा बायोडाटा आलाय. २००५मध्ये एका हिंदी सिनेमात छोटंसं काम. २००९मध्ये बंगाली सिनेमाची नायिका, आणि त्याच वर्षी दोन मराठी सिनेमे. मग लंडनला जाऊन डान्सचा कोर्स. २०१२मध्ये संत तुकारामांची बायको. २०१४मध्ये तेलुगू सुपरस्टार बालकृष्णची हिरॉइन आणि रितेश देशमुखच्या ‘लय भारी’तही. २०१५मध्ये चौदा मिनिटांची एक बंगाली शॉर्टफिल्म आणि डोंगर फोडणाऱ्या माणसाची बायको. २०१६मध्ये थेट रजनीकांतची बायको! कुठलाही एचआर मॅनेजर एकच शेरा मारेल, ‘फोकस नाही.’

गंमत अशी, की याच ‘फोकस नसलेल्या’ बायोडाटाने तिला जिथे नेलं, तिथे सरळ रेषेत चालणाऱ्या भल्याभल्या नट्या पोचल्या नाहीत. आणि याच बायोडाटामुळे काही दारं तिच्यासाठी उघडलीच नाहीत, हेही तितकंच खरं. व्हर्सटाइल हा शब्द आपण उठसूट कुणालाही चिकटवतो. पण व्हर्सटाइल असण्याची किंमत काय असते, हे बघायचं असेल तर राधिकाच्या करिअरसारखी दुसरी केस नाही.

पुण्याची मुलगी

जन्म १९८५चा, वेल्लोरचा. वाढली मात्र पुण्यात. वडील नामांकित न्यूरोसर्जन. म्हणजे घरात डॉक्टरकी आणि पुण्यात अभ्यासाचं वातावरण, तेव्हा पुढचा रस्ता आखलेलाच असायचा. पण या घरात जरा वेगळंच घडलं. नेहमीची शाळा सोडून काही काळ राधिका आणि बिल्डिंगमधली चार मुलं घरीच शिकली, आणि शिकवायला त्यांचे आईबाबा. हुशार मुलीला आखलेल्या रस्त्यावरून बाजूला व्हायची सवय बहुतेक तिथूनच लागली असावी.

फर्ग्युसनमध्ये गणित आणि अर्थशास्त्र. सोबत पंडिता रोहिणी भाटे यांच्याकडे कथक, तेही तब्बल आठ वर्षं. ‘लहानपणी डान्स क्लासला जायची’ अशातला हा प्रकार नव्हे. रोहिणीताईंकडे शिकणं म्हणजे शिस्त. पाय कुठे पडतोय, मान किती वळतेय, नजर कुठे थांबतेय, याचा सगळा हिशोब द्यायचा. राधिकाच्या अभिनयाबद्दल लिहिताना सगळे तिच्या डोळ्यांवर घसरतात. माझ्या मते खरी गंमत तिच्या पाठीत, खांद्यांत आणि चालण्यात आहे. दर सिनेमात ती निराळी चालते. पुढच्या वेळी मुद्दाम बघा.

आणि तिसरी शाळा, ‘आसक्त’. मोहित टाकळकरचा हा ग्रुप पुण्यात तेव्हा जोरात होता. ‘तू’, ‘पूर्णविराम’, ‘मात्र रात्र’ अशा प्रयोगांमधून राधिका घडली. सुदर्शन रंगमंचासारख्या जागी ज्यांनी प्रायोगिक नाटक बघितलंय, त्यांना ठाऊक असेल, पहिल्या रांगेतला प्रेक्षक नटापासून हातभर अंतरावर असतो. तिथे खोटं खपत नाही. कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी इतकी जवळची नजर तिने अंगावर घेतलेली होती.

आठ-दहा हजारांची मुंबई

‘वाह! लाइफ हो तो ऐसी’ (२००५) हा महेश मांजरेकरांचा सिनेमा तिने कॉलेजात असताना केला. शाहिद कपूर, अमृता राव आणि गर्दीत कुठेतरी राधिका. पुढे ती मुंबईत राहायला आली. त्या दिवसांबद्दल तिने मुलाखतींमधून बिनधास्त सांगितलंय. गोरेगावात जागा, अनोळखी रूममेट्स आणि नाटकातून महिन्याला कसेबसे आठ-दहा हजार रुपये. थोडक्यात काय, पुण्याहून किंवा नाशिकहून मुंबईत पहिली नोकरी धरायला आलेल्या कुणाचीही स्टोरी! हिंदी सिनेमातल्या संघर्षाच्या कहाण्यांमध्ये अशा वेळी हिरॉइन बाकावर झोपते, वडापाव खाते, पण गाव गाठत नाही. राधिका सरळ पुण्याला परत गेली. नाही जमत, तर नाही जमत.

पण काम येत राहिलं, आणि आलं ते भलत्याच दिशेने. कोलकात्याहून! अनिरुद्ध रॉय चौधरींच्या ‘अंतहीन’ला (२००९) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात राधिका टीव्ही पत्रकार आणि राहुल बोस पोलिस अधिकारी. दोघं रात्री एकमेकांचं नावही माहीत नसताना चॅट करतात आणि दिवसा भेटले की एकमेकांवर वैतागतात. ऑर्कुट आणि याहू मेसेंजरच्या जमान्यात रात्रीचे दोन वाजवलेल्या पिढीला यातला गोडवा वेगळा सांगायला नको. सोबत शर्मिला टागोर आणि अपर्णा सेन. चोविशीच्या पोरीसाठी केवढी मोठी शाळा!

त्याच वर्षी अमोल पालेकरांचा ‘समांतर’ आला, त्यातही शर्मिला टागोर होत्या. आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर जोडीचा ‘घो मला असला हवा’. म्हणजे एकाच वर्षात कोलकाता आणि पुणे, दोन्हीकडच्या समांतर सिनेमावाल्यांनी या मुलीला हेरलं होतं. मुंबईला मात्र अजून पत्ता नव्हता. रामगोपाल वर्माच्या ‘रक्तचरित्र’मध्ये (२०१०) ती विवेक ओबेरॉयची बायको. राज-डीकेच्या ‘शोर इन द सिटी’त (२०११) तुषार कपूरची बायको, नवऱ्यापेक्षा जास्त शिकलेली. तुषार त्यात पायरेटेड पुस्तकं छापून विकणारा आणि ही पुस्तक वाचणारी! रोल लहान, पण सिनेमातला सगळ्यात उबदार ट्रॅक तोच.

आणि मग, गाडी जरा वेग घेतेय असं वाटत असतानाच, मॅडम लंडनला. ट्रिनिटी लाबानमध्ये वर्षभर कंटेम्पररी डान्स शिकायला.

आपल्यापैकी कुणी असं केलं तर आई काय म्हणेल, याचा विचार करा. हातात काम आहे, नाव होतंय, आणि तू नाचायला चाललीस? पण याच वर्षाने आपल्याला पार बदललं, तिथल्या लोकांची कामाकडे बघायची प्रोफेशनल नजर आपण घेऊन आलो, असं राधिका सांगते. लंडनमध्येच संगीतकार बेनेडिक्ट टेलरची ओळख झाली. २०१२मध्ये लग्न. तेव्हापासून एक पाय मुंबईत आणि एक लंडनमध्ये.

चार किलोंचा प्रश्न

२०१२ हे वर्ष तिच्या बायोडाटात दोनदा लिहायला हवं. एकदा मिळालेल्या कामासाठी आणि एकदा हातून गेलेल्या.

गेलेलं काम म्हणजे ‘विकी डोनर’. आयुष्मान खुरानाला रातोरात स्टार करणारा सिनेमा. आपण त्यासाठी निवडले गेलो होतो, असं राधिकाने नंतर जाहीरपणे सांगितलंय. मध्ये सुट्टीवर गेली, खाल्लं-प्यालं, तीन-चार किलो वजन वाढवून आली. उतरवते म्हणाली, पण रिस्क घ्यायला कुणी तयार नव्हतं. रोल गेला. तीन-चार किलो! आपल्याकडे दिवाळीच्या फराळात तेवढं वाढतं आणि ऑफिसातल्या खुर्चीला त्याचा पत्ताही नसतो. त्या नकाराचा पुढची काही वर्षं आपल्या मनावर परिणाम झाला, खाण्याबद्दल आपण फार काटेकोर झालो, हेही तिनेच सांगितलं. ग्लॅमरच्या पानांवर अशी गोष्ट ‘डाएट टिप्स’ म्हणून छापली जाते. खरं तर ती नोकरीच्या अटींची गोष्ट आहे.

मिळालेलं काम म्हणजे ‘तुकाराम’मधली आवली.

इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते तिचं मराठीतलं सगळ्यात मोठं काम हेच. चंद्रकांत कुलकर्णींचा सिनेमा, जितेंद्र जोशी तुकाराम. महाराष्ट्रात आवलीचा रोल करणं म्हणजे आ बैल मुझे मार! कारण १९३६च्या ‘संत तुकाराम’मधली गौरीबाईंची जिजाई आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. दामले-फत्तेलालांच्या त्या सिनेमात विष्णुपंत पागनीस तुकाराम होते, पण घर उचलून धरलं होतं जिजाईने. कजाग, तोंडाळ, तरी नवऱ्यावर जीव टाकणारी. कीर्तनांतून आपण ऐकलेली आवली तीच. विठ्ठलाला शिव्या घालणारी आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी.

राधिकाने काय केलं? गौरीबाईंची नक्कल टाळली आणि कजागपणाच्या खाली असलेली भूक बाहेर काढली. तिची आवली चिडते, कारण घरात खरंच दाणा नाही. नवरा देवाच्या नादी लागलाय आणि पोरं रडतायत. ती फणकारते तेव्हा हसू येतं, आणि पुढच्याच क्षणाला ते हसू घशात अडकतं. पुण्याच्या पांढरपेशा घरातली, लंडनहून नाच शिकून आलेली मुलगी ही, पण बसते-उठते ती अशी, की जन्मभर चुलीपुढे बसलेली बाईच वाटावी. कथकची आठ वर्षं अशी कामी येतात!

दोन वर्षांनी ‘लय भारी’ (२०१४) आला. निशिकांत कामतचा सुपरहिट. धमाल सिनेमा, पण खरं सांगायचं तर राधिकाला त्यात फारसं करण्यासारखं काही नव्हतं. रितेशच्या वादळात नायिकेने शोभून दिसायचं, झालं. तेच तेलुगूत. ‘लिजंड’ (२०१४) आणि ‘लायन’ (२०१५) या बालकृष्णच्या सिनेमांमध्ये हिरॉइनच्या वाट्याला काय येतं, हे ते सिनेमे न बघताही सांगता येईल. पण दक्षिणेतल्या याच पैशांवर शॉर्टफिल्म्स आणि फुकटातले प्रयोग निभावले जात असतील, असा आपला माझा अंदाज. आपणही नाही का, एक क्लायंट पोटासाठी ठेवतो आणि एक मनासाठी?

एका वर्षात चार बायका

२०१५ हे खरं तिचं वर्ष. फेब्रुवारीत श्रीराम राघवनचा ‘बदलापूर’ आला. राधिकाच्या वाट्याला विनय पाठकच्या बायकोचं लहानसं काम. सूडाने पेटलेला वरुण धवन तिला अपमानित करतो, तो प्रसंग बघताना थिएटरात लोक खुर्चीत अवघडून बसले होते. ती भीती, तो अपमान आणि त्यातून नवऱ्याला वाचवण्याची धडपड, सगळं एकाच चेहऱ्यावर. सिनेमा संपल्यावर वरुणच्या बरोबरीने लोक तिच्याबद्दल बोलत होते.

बरोबर महिन्याने ‘हंटर’. गुलशन देवैयाचा बायकांच्या मागे लागणारा हिरो, आणि त्याच्याशी लग्नाला उभी असलेली तृप्ती म्हणजे राधिका. आपली सई ताम्हणकरही यात आहे. जुलैत सुजॉय घोषची ‘अहल्या’ यूट्यूबवर आली. सौमित्र चटर्जींसारखा बुजुर्ग समोर, आणि राधिका त्यांची तरुण बायको. पुराणातली अहल्या शिळा होते, इथे कुणाचं काय होतं ते सांगण्यात मजा नाही. चौदा मिनिटं काढा आणि बघा. त्या आठवड्यात ऑफिसात एकमेकांना लिंक पाठवण्याची जी काही स्पर्धा लागली होती! ऑगस्टमध्ये ‘मांझी’. बिहारमधला दशरथ मांझी ज्या बायकोसाठी डोंगर फोडतो, ती फगुनिया. नवाजुद्दीनसमोर.

सहा महिन्यांत चार बायका, आणि एकीची दुसरीला ओळख नाही.

आता कुठल्याही नॉर्मल हिशोबाने पुढच्या वर्षी तिच्याकडे उत्तमोत्तम रोल्सची रांग लागायला हवी होती. लागली ती वेगळीच रांग. ‘बदलापूर’नंतर कपडे उतरवण्याच्या रोल्सच्या आणि सेक्स कॉमेडीच्या ऑफर्स येऊ लागल्या, असं तिने स्वतःच सांगितलंय. म्हणजे बघणाऱ्यांना भीती दिसली आणि विकणाऱ्यांना कपडे! बाजाराची ही खोडच आहे. बाजाराला नट नको असतो, लेबल हवं असतं. बरणीवर चिठ्ठी चिकटवली की फडताळात ठेवायला सोपं जातं. ‘बोल्ड’ हे ते लेबल.

त्यात भर म्हणून क्लिप्स. अनुराग कश्यपच्या एका लघुपटातला तिचा प्रसंग २०१५मध्ये फुटला, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. २०१६मध्ये लीना यादवच्या ‘पार्च्ड’मधल्या प्रसंगाचंही तेच झालं. ‘पार्च्ड’मधली लज्जो म्हणजे वांझ म्हणून नवऱ्याचा मार खाणारी खेड्यातली बाई. सिनेमा तिच्या दुःखाबद्दल, तिच्या मैत्रिणींबद्दल. मोबाइलवर फिरली ती काही सेकंदांची क्लिप. प्रमोशनच्या वेळी एका पत्रकाराने त्यावरून ‘कॉन्ट्रोव्हर्सी’चा प्रश्न टाकला, तेव्हा राधिकाने त्याला तिथल्या तिथे झापलं. क्लिप बघणारे आणि पुढे पाठवणारे तुम्ही, मग वाद कुणी केला, असा तिचा सवाल होता. त्या क्लिप्स आपल्याही फोनवर आल्या होत्या, बॉस. आपण काय केलं ते आपल्याला माहीत.

कश्यपचा तो लघुपट म्हणजे ‘क्लीन शेव्हन’. ‘मॅडली’ नावाच्या सहा लघुपटांच्या संग्रहातला एक. लग्न झालेल्या बाईचा स्वतःच्या शरीरावर हक्क कुणाचा, एवढाच त्याचा साधा विषय. याच कामासाठी न्यूयॉर्कच्या ट्रायबेका फेस्टिव्हलमध्ये २०१६ साली राधिकाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. इथे क्लिप, तिथे अॅवॉर्ड. एकच फिल्म!

लेबलला तिने उत्तर कसं दिलं? भाषणं केली नाहीत. कामं निवडली. मे २०१६मध्ये पवन कृपलानीचा ‘फोबिया’. टॅक्सीत झालेल्या हल्ल्यानंतर घराबाहेर पाऊल टाकायचीच धास्ती बसलेली महक नावाची चित्रकार. जवळजवळ सगळा सिनेमा एका फ्लॅटमध्ये, आणि जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये राधिका. हिरो नाही, गाणी नाहीत, मागे लपायला काही म्हणजे काही नाही. दारापासून लिफ्टपर्यंतची चार पावलं टाकताना तिच्या गुडघ्यांत जो कंप येतो, तो बघून आपलेच पाय लटपटतात. सिनेमा फार चालला नाही. माझ्या मते ती हिंदीतली तिची सर्वोत्तम कामगिरी आहे, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचा मला थोडा हेवाच वाटतो.

आणि जुलैत ‘कबाली’! पा. रंजितने रजनीकांतला त्याच्या वयाचा रोल दिला आणि राधिकाला त्याच्या बायकोचा. पंचवीस वर्षं तुरुंगात काढलेला डॉन, मेली असं समजलेल्या बायकोला शोधत येतो. ती भेट बघा. समोर रजनी आहे, थिएटरात शिट्ट्या वाजताहेत आणि ही बाई नुसती उभी राहून अख्खा सीन आपल्याकडे ओढून घेते.

सगळीकडे राधिका

२०१८ आलं आणि विनोदच झाला. जूनमध्ये नेटफ्लिक्सवर ‘लस्ट स्टोरीज’, जुलैत ‘सेक्रेड गेम्स’, ऑगस्टमध्ये ‘घूल’. तिन्हीकडे राधिका! इंटरनेटवर मीम्सचा पाऊस. नेटफ्लिक्स लावलं की राधिका, फ्रिज उघडला की राधिका! शेवटी कंपनीनेच स्वतःची टिंगल करत ‘ऑम्निप्रेझेंट’ नावाच्या खोट्याच सिनेमाची घोषणा केली, त्यातल्या सगळ्या भूमिकांत अर्थातच राधिका.

हसता हसता एक गोष्ट मात्र निसटली. या तीन बायका एकमेकींच्या जवळपासही नव्हत्या. ‘सेक्रेड गेम्स’मधली रॉ ऑफिसर अंजली माथुर पुरुषांच्या ऑफिसात स्वतःची जागा करणारी, कमी बोलणारी. ‘घूल’मधली निदा चौकशी अधिकारी, जिच्या निष्ठेवरच संशय आहे. आणि कश्यपच्या ‘लस्ट स्टोरीज’मधली प्रोफेसर कालिंदी. विद्यार्थ्यात गुंतलेली, गुंतले नाही म्हणणारी, आणि कॅमेऱ्याकडे बघून आपल्यालाच तत्त्वज्ञान ऐकवणारी. तो विद्यार्थी म्हणजे ‘सैराट’चा परश्या, आकाश ठोसर! कालिंदी खोटं बोलते, कांगावा करते, आणि आपल्याला ती आवडतही राहते. या कामासाठी २०१९मध्ये इंटरनॅशनल एमीचं नामांकन मिळालं.

त्याच वर्षी ‘पॅडमॅन’मध्ये ती नवऱ्याच्या उद्योगाने लाजेने अर्धमेली झालेली गायत्री होती. आणि ऑक्टोबरात ‘अंधाधुन’, तोही आपल्या पुण्यात घडणारा. पुन्हा राघवन. इथे मात्र सिनेमा तब्बू आणि आयुष्मानने पळवला. राधिकाची सोफी साधी, स्कूटरवरची, प्रेमात पडणारी मुलगी. व्हर्सटाइल नटीला असा सरळ रोल दिला की ती जरा हरवल्यासारखी वाटते, हे इथे जाणवलं.

आणि किंमत म्हणाल, तर ती इथेच कुठेतरी मोजावी लागली. तिच्या नावावर ओपनिंग लागणारा मोठा पिक्चर झाला नाही. कुणी तिच्यासाठी शंभर कोटी पणाला लावले नाहीत. शंभर कोटींच्या खेळात प्रेक्षकाला आधी कळायला लागतं, आपण कुठली बाई बघायला चाललोय. राधिकाच्या बाबतीत ते तिकीट काढेपर्यंत कळत नाही. हा तिचा गुण आहे, आणि बाजारात हाच तिचा तोटा.

नंतरचा बायोडाटाही तसाच तिरपागडा. ‘अ कॉल टू स्पाय’मध्ये दुसऱ्या महायुद्धातली गुप्तहेर नूर इनायत खान. ‘रात अकेली है’मध्ये (२०२०) संशयित नवी नवरी. ‘मोनिका, ओ माय डार्लिंग’मध्ये (२०२२) खवट, खोडकर पोलिस अधिकारी, आणि केवढी मजा घेतलीय तिने! ‘मिसेस अंडरकव्हर’ (२०२३) मात्र फसला, तिथे तिलाही काही वाचवता आलं नाही. त्याच वर्षी ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या सीझनमध्ये नीरज घेवानने दिग्दर्शित केलेल्या भागात ती पल्लवी मेनके झाली. शिकलेली, नाव कमावलेली दलित वधू, जिला आपलं लग्न बौद्ध पद्धतीनेही व्हायला हवंय. सासरच्यांना ‘उगाच कशाला’ वाटणारी गोष्ट ती आवाज न चढवता मागत राहते. तो एक भाग पुरेसा आहे.

आणि मग ‘सिस्टर मिडनाइट’. करण कंधारीचा पहिला सिनेमा. २०२४मध्ये कान फेस्टिव्हलच्या डिरेक्टर्स फोर्टनाइटमध्ये दाखवला गेला, आपल्याकडे मे २०२५मध्ये थिएटरात आला. लग्न करून मुंबईतल्या एका खोलीत येऊन पडलेली उमा. स्वयंपाक येत नाही, नवऱ्याशी काय बोलावं कळत नाही, झोप येत नाही. हळूहळू ही बाई जी काही चमत्कारिक होत जाते, ते शब्दांत सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. संवाद अगदी मोजके. सगळं काम अंगाचं. बादली उचलणं, दारात उकिडवं बसणं, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून ताठ चालत जाणं. शेजारीण आहे छाया कदम, आणि दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या की हसून पुरेवाट.

लंडनच्या फेस्टिव्हलमध्ये या सिनेमाच्या रेड कार्पेटवर ऑक्टोबर २०२४मध्ये राधिका आली, तेव्हा लोकांना कळलं की ती आई होणार आहे. डिसेंबरात मुलगी झाली. लगेच तिने फोटो टाकला. आठवड्याची लेक अंगावर पीत होती, आणि समोर लॅपटॉपवर बाळंतपणानंतरची पहिली मीटिंग चालू होती. त्यावरही मतं व्हायची ती झालीच. काहींना ते कौतुकाचं वाटलं, काहींना सक्तीचं. मॅटर्निटी लीव्ह संपवून परत आलेल्या आमच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने तो फोटो बराच वेळ झूम करून बघितला आणि एकच विचारलं, ‘मीटिंग किती वेळ चालली असेल गं?’

या शनिवार-रविवारी काही प्लॅन नसेल, तर सुरुवात ‘अहल्या’ने करा, चहा निवेपर्यंत संपते. मग ‘तुकाराम’, शक्य असेल तर आई-आजीला सोबत घेऊन. आजीने गौरीबाईंची जिजाई बघितलेली असेल, तर तिचं मत आधी घ्या. रविवारी दुपारी ‘सिस्टर मिडनाइट’. आणि ‘फोबिया’ मात्र रात्री एकट्याने. दाराची कडी आधीच नीट लावून ठेवा, मध्येच उठून लावायला जायची हिंमत होणार नाही.